दुखणी अनेक, गोळी एकच

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की बीबीसारख्या गावात संध्याकाळी मेडिकलवर एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते : 'अंगदुखीच्या दोन गोळ्या द्या.' लोणार तालुक्यातलं, मेहकर–सिंदखेडराजा रस्त्यावरचं हे गाव भोवतालच्या खेड्यांना दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी जवळचं. दिवसभर वाकून विळा चालवलेली बाई, पोती उचललेला हमाल, मोटारसायकलवर खड्डे खात हिंडलेला फेरीवाला; तिघांचं मागणं सारखं आणि तिघांच्या हातात पडणारी गोळीही बहुधा सारखीच. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, बीपीचं औषध चालू आहे का, हे विचारायला दुकानदाराला सवड नसते आणि सांगायला गिऱ्हाइकालाही. रात्री ठणका बसतो, सकाळी माणूस पुन्हा शेतात. गोळीनं काम केलं, हे खरंच आहे. कोणतं काम केलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

वैद्यकात या कामाला वेदनाशमन म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात ॲनाल्जेसिया. माणूस शुद्धीवर आहे, हात लावलेला त्याला कळतो, गरम-गार कळतं, फक्त दुखणं कमी झालं आहे, ही ती अवस्था. भूल निराळी. भुलीत ती जागा बधिर होते किंवा माणूस बेशुद्ध असतो. आणि या व्याख्येत रोग बरा होण्याचा शब्दही नाही. दाढेतला पू गोळीनं जात नाही, घसरलेली मणक्याची चकती गोळीनं जागेवर बसत नाही. गोळी फक्त दुखण्याची वर्दी अडवते, आणि ती वर्दी तरी कुठे अडवायची हे औषधागणिक बदलतं.

सर्वांत जास्त खपणाऱ्या गोळ्या ही वर्दी निघते तिथेच अडवतात. स्नायू किंवा सांधा दुखावला की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांनी मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, जागा सुजते, लाल होते, ठणकते. ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात होतं, पण ते नेमकं करतं काय हे कळायला 1971 साल उजाडलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवून दिलं, की ॲस्पिरिन ही रसायनं तयारच होऊ देत नाही. त्याबद्दल 1982 मध्ये त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी याच घराण्यातली.

अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन दुखवण्यापुरतंच शरीरात नसतं. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून तेच जपतं. मूत्रपिंडात शिरणारी रक्तवाहिनी, विशेषतः अंगात पाणी कमी असताना, तेच उघडी ठेवतं. गोळीला गुडघ्यातलं आणि जठरातलं प्रोस्टाग्लँडिन वेगळं ओळखता येत नाही. म्हणून उपाशीपोटी रोज गोळी घेणाऱ्याच्या पोटात अल्सर होतो आणि कधी कधी पहिली खूण दिसते ती थेट डांबरासारखी काळी शौचास होण्याची.

बुलढाणा जिल्ह्यात यातली मूत्रपिंडाची बाजू अधिक गांभीर्यानं घ्यायला हवी. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके त्यात येतात, पुढे तो अकोला आणि अमरावतीत जातो. तिथल्या विहिरी-कूपनलिकांचं पाणी खारट, आणि किडनीच्या विकारानं माणसं गेलेली घरं कित्येक गावांत. पाणीच जबाबदार की आणखी काही, यावर एकमत नाही. पण मूत्रपिंड आधीच दुबळं झालेल्या माणसानं या घराण्यातली गोळी घेणं धोक्याचं, यावर वैद्यकात दुमत नाही. बीबी या पट्ट्याबाहेर, जिल्ह्याच्या दक्षिणेला आहे. तरी उन्हात आठ तास राबून, पुरेसं पाणी न पिता रात्री गोळी घेणाऱ्याचं मूत्रपिंड त्या घटकेला फार वेगळ्या स्थितीत नसतं. त्यातच बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर तिन्ही मिळून एका आठवड्यात किडनी बसवू शकतात. डॉक्टर 'दुसरं काही औषध चालू आहे का' विचारतात ते याचसाठी.

पॅरासिटामॉल या घराण्यातलं नाही. ते बहुतांशी मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतं. ताप उतरवतं, दुखणं कमी करतं, सूज मात्र फारशी कमी करत नाही. पोटाला आणि मूत्रपिंडाला सौम्य, म्हणून पहिली गोळी तीच असावी असं डॉक्टर सांगतात. त्याचं वैर यकृताशी. धडधाकट माणसानंही चोवीस तासांत चार ग्रॅमच्या, म्हणजे 500 च्या आठ गोळ्यांच्या वर जायचं नाही. रोज दारू पिणाऱ्यानं आणि अंगावर मांस नसलेल्यानं त्याच्याही बऱ्याच अलीकडे थांबायचं. आठ गोळ्या कोण घेतं, असं वाटेल. पण सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या मिश्र गोळीत ॲसिक्लोफिनॅकच्या जोडीला तेच असतं, आणि तापाची म्हणून वेगळी घेतलेली गोळीही तीच. तिन्ही पाकिटांवर नावं वेगळी. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं वाचल्याशिवाय हा हिशेब लागत नाही.

पावसाळ्यानंतर डेंग्यू आणि चिकुनगुनियाची साथ येते तेव्हा हा फरक जिवावरचा ठरतो. दोन्हींत अंग मोडून येतं, सांधे धरतात. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक रक्तस्राव वाढवू शकतात. म्हणून तापाचं निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. 'सुई टोचा, लवकर मोकळं वाटतं' हा आग्रह इथे रुग्णाच्याच मुळावर येतो. स्नायूत देण्याची डायक्लोफिनॅकची सुई ही गोळीचंच रूप. थोडी लवकर लागू पडते, इतकंच.

दुखण्याचं वर्णन करायला मराठीत शब्दांची कमी नाही. ठणका, कळ, चमक, उसण, मुरडा, रग, आग, ओढ, सल, गोळे, मुंग्या. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली बनवली, तीही रुग्ण वापरतात त्या शब्दांवरच बेतलेली. कारण रुग्ण कोणता शब्द वापरतो, त्यावरून औषध ठरतं. ठणका सुजेतून येतो; तिथे डायक्लोफिनॅकच्या घराण्याचा उपयोग होतो. कळ येते आणि जाते, पुन्हा येते. ती आतडं किंवा मूत्रवाहिनीसारख्या पोकळ नळीच्या आकुंचनाची, आणि तिथे बऱ्याचदा आकडी सोडवणारं डायसायक्लोमिनसारखं औषध जोडावं लागतं. कमरेतून पोटरीपर्यंत जाणारी चमक दाबल्या गेलेल्या नसेची. मधुमेह जुना झाल्यावर रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चादरीचा स्पर्श नको होतो. ती नसच बिघडल्याची. या दुखण्यावर अंगदुखीची गोळी जवळजवळ निकामी. तिथे प्रीगाबालिन, गाबापेंटिन किंवा अगदी छोट्या मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन दिलं जातं. यातली दोन मुळात फिटची आणि एक उदासीनतेची औषधं. 'मला फिटची गोळी का दिली?' म्हणून पाकीट परत करणारे रुग्ण कमी नाहीत.

इतके शब्द असूनही दवाखान्यात गेल्यावर आपण काय सांगतो? 'लय दुखते डॉक्टरसाहेब.'

आणि किती दुखतं यावरून धोका किती, हे ठरत नाही. याचा सर्वांत चांगला धडा विंचवानं दिला आणि तो शिकवणारा माणूसही या मुलखाचा शेजारी. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातलं. 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. त्यात दिसलं, की ज्यांच्या चावलेल्या जागी असह्य आग होते, ओरडण्यानं वाडी जागी होते, ते बहुधा वाचतात. धोक्यात असतो तो दरदरून घाम फुटलेला, हातपाय गार पडलेला, उलट्या करणारा रुग्ण, मग तो ओरडत असो वा नसो. त्याच्या हृदयावर आणि रक्तदाबावर विष चढत असतं. अशांसाठी त्यांनी रक्तदाबाचं एक स्वस्त औषध, प्राझोसिन, वापरलं. 'लॅन्सेट'मध्ये 1986 साली ते प्रसिद्ध झालं, कोकणातले मृत्यू घटले आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेदनाशमनापुरता याचा अर्थ सरळ आहे. नुसती आग असेल तर पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक आणि गरज पडली तर त्या जागी बधिरतेची सुई पुरते. घाम आणि गार हातपाय असतील तर आग शमवण्यात वेळ घालवायचा नाही. मंत्र म्हणून विंचू 'उतरवणाऱ्यांची' ख्याती टिकली, तीही बहुधा पहिल्या प्रकारच्या रुग्णांवर, जे कोणी काही केलं नसतं तरी बरे झाले असते.

घरगुती उपायांना सरसकट हसण्याचं मात्र कारण नाही. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल लावून चोळणं, गरम विटेचा शेक यांनी बरं वाटतं ते खोटं नव्हे. 1965 मध्ये मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी एक दार आहे आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश आले की ते लोटलं जातं. कोपर आपटलं की हात आपोआप तिथे चोळायला जातो, तो यामुळेच. पण दार लोटायचा प्रत्येक मार्ग बरा नसतो. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात, त्याला 'डंबा' म्हणतात. त्यात बाळाच्या पोटातलं काहीच थांबत नाही, नव्या जखमा मात्र होतात.

माणसाच्या गोळीचा फटका माणसापुरता राहिला नाही, ही गोष्टही वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जवळची वाटेल. लंगडणाऱ्या बैलाला, सड सुजलेल्या गाईला डायक्लोफिनॅकची सुई देणं 1990 च्या दशकात सर्रास झालं. स्वस्त आणि गुणकारी. पुढे ते जनावर मेलं, हाडकीवर टाकलं गेलं, की गिधाडं त्यावर उतरत. गिधाडाच्या मूत्रपिंडाला हे औषध अजिबात झेपत नाही. रक्तात युरिक ॲसिड साचतं आणि पक्षी काही दिवसांत मरतो. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण शोधताना आधी साथीच्या रोगाचा संशय होता. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या अभ्यासातून डायक्लोफिनॅक पकडलं गेलं. भारतानं 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. मग माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांची सुईसुद्धा 3 मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच विकायचं बंधन आलं. 2023 मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही गोठ्यातून हद्दपार झालं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. बैलाच्या डॉक्टरांकडे तेच मागायचं.

दुखणं दाबून कामावर जाण्याची सक्ती कुणावर सर्वांत जास्त असते, हे 2019 मध्ये बीडमध्ये उघड झालं. ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर राज्य सरकारनं विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यामागे बरंच काही होतं : लहान वयातली लग्नं, फडावर नसलेलं न्हाणीघर, एका खाड्याला मुकादम कापणारा दंड, ऑपरेशनची घाई करणारे खासगी दवाखाने. पण सुरुवात पुष्कळदा पाळीतल्या पोटदुखीनं, अंगावरून जाण्यानं झालेली. पाळीतली कळ हे असं दुखणं आहे की त्यावर औषध नेमकं लागू पडतं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन वाढतं आणि मेफेनामिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन तेच तयार होऊ देत नाही. दुखणं शिगेला पोचण्याआधी, जेवणानंतर, दोन-तीन दिवस घेतलं तर बहुतेकींना आराम पडतो. अर्थात अंगावर पुरळ, ताप, सूज आली तर मेफेनामिक ॲसिड लगेच थांबवायचं. भारतीय औषधसंहिता आयोगानं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये तशी सूचना काढली आहे. अवयवच काढून टाकणं हा वेदनाशमनाचा प्रकार नव्हे, हे कुणीतरी त्या बायकांना वेळेवर सांगायला हवं होतं.

एकीकडे गोळ्यांचा असा महापूर. दुसरीकडे दुष्काळ आहे आणि तो मॉर्फिनचा.

कर्करोग हाडात उतरला की होणारं दुखणं डायक्लोफिनॅकच्या आवाक्याबाहेरचं. अफूच्या चिकातून मिळणारं मॉर्फिन मेंदूत आणि मज्जारज्जूत वर्दी पोचते तिथेच ती मऊ करतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या : आधी पॅरासिटामॉलसारखं, मग सौम्य अफूजन्य, मग मॉर्फिन. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर, नीमचकडे परवान्यानं पीक घेतलं जातं आणि नीमचला सरकारी कारखाना आहे. तरीही 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आल्यावर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला 716 किलोंवरून 1997 पर्यंत 18 किलोंवर आला. दहा वर्षं तुरुंगाची किमान शिक्षा, चार-पाच खात्यांचे परवाने. औषध दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहून देण्याचा सराव न करताच डॉक्टर झाली. 'लॅन्सेट'च्या आयोगानं पुढे हिशेब मांडला, तेव्हा भारतातल्या गरजेच्या जेमतेम 4 टक्के औषध रुग्णांपर्यंत पोचत होतं.

अफूच्या या भीतीला इतिहास होता. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना गप्प ठेवायला अफूची 'बाळागोळी' चाटवत. अलीकडे अमेरिकेत साध्या पाठदुखीलाही अफूजन्य गोळ्या खिरापतीसारख्या वाटल्या गेल्या आणि लाखो लोक मेले. पण चुकीच्या दुखण्याला, चुकीच्या मात्रेत दिलेलं औषध आणि हाडातल्या कर्करोगासाठी मोजून दिलेलं औषध या दोन गोष्टी एका मापानं तोलणं हा आळस आहे.

महाराष्ट्रानं या बाबतीत सुरुवात लवकर केली. वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह. टाटा रुग्णालयात 1996 मध्ये वेदनाशमन आणि आधारोपचाराचा वेगळा विभाग आला, पुण्यात वारज्याला 1997 मध्ये सिप्लाचं केंद्र, नागपुरात स्नेहांचल. 2014 मध्ये संसदेनं कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यता मिळालेल्या संस्थेला आता चार-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. जिल्हा रुग्णालयांतही आधारोपचार कक्ष असावा असं सरकारी कार्यक्रमात लिहिलेलं आहे.

बीबीत मात्र ग्रामीण रुग्णालय आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये जवळच्या सोमठाण्याला सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली, तेव्हा याच रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्या आणि बाहेर रस्त्याकडेला झाडांना दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवल्या गेल्या. ते चित्र देशभर पोचलं. अशा ठिकाणी मॉर्फिनचं कुलूपबंद कपाट, त्याची नोंदवही आणि ते देण्याचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लवकर येईल, असं समजणं भाबडेपणाचं. त्यामुळे इथला कर्करोगी जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो, नाही तर नागपूरला तुकडोजी रुग्णालयात.

केमोथेरपी संपली, 'आता घरी न्या' असं सांगितलं गेलं, की नातेवाईक फाइल गुंडाळतात आणि निघतात. त्या क्षणी विचारायचे प्रश्न आहेत : वेदनेसाठी पॅलिएटिव्ह, म्हणजे आधारोपचाराचा, विभाग आहे का, मॉर्फिनची गोळी मिळेल का, किती दिवसांची मिळेल, पुढची न्यायला रुग्णाला आणावंच लागेल की कागद दाखवून नातेवाइकाला मिळेल. गोळी साधी असेल तर दर चार तासांनी घ्यायची असते, दुखलं की नव्हे, तर दुखायच्या आधी, घड्याळाप्रमाणे. रात्री झोप मोडू नये म्हणून शेवटची मात्रा डॉक्टर बहुधा दुप्पट करून देतात. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, आणि त्याला कंटाळूनच अनेक जण औषध सोडतात. चिठ्ठीवर मॉर्फिनच्या खाली पोट साफ होण्याचं औषध लिहिलेलं नसेल, तर औषधांच्या खिडकीवरून हलण्याआधी ते मागून घ्यायचं.